जुना संगणक दुरुस्त करावा की नवा जुळवावा?



तुमच्या घरात एखाद्या टेबलावर, कापडाखाली झाकून ठेवलेला जुना कॉम्प्युटर असेल. दहा-बारा वर्षांपूर्वी पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेला. आता बटण दाबून चुलीवर चहा ठेवावा, तो उकळावा, प्यावा, कप विसळून ठेवावा, तेव्हा कुठे तो जागा होतो. आणि घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असेल, तर त्याची भुणभुण चालू असेल, "याच्यावर काही चालत नाही. नवा घ्या, गेमिंगचा घ्या." तुम्ही म्हणत असाल, "आहे त्यालाच काहीतरी टाकून घे."

आमच्या घरात हा वाद तीन वर्षे चालला. त्यात माझे साडेपाच हजार रुपये जळाले, आणि पोराशी महिनाभर अबोला झाला तो वेगळाच. पैशाचे एवढे वाटले नाही, अबोल्याचे वाटले. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हे सारे सविस्तर लिहितो आहे.

आम्ही जुन्नर तालुक्यातले. कांदा, टोमॅटो, थोडा ऊस आणि दोन म्हशी. तरुणपणी मला बैलगाड्याचा नाद होता. आमच्या भागात घाटात गाडा पळवणे म्हणजे काय, ते या भागातल्या वाचकांना सांगायला नको. खिल्लारी खोंडांच्या खुराकावर मी किती पैसे घातले, त्याचा हिशेब कधी मांडला नाही. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. त्या वर्षी मी जोडी विकली आणि त्या पैशातून थोरल्या मुलीसाठी हा कॉम्प्युटर आणला. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, ५०० जीबीची हार्ड डिस्क. गावात तेव्हा मोजके कॉम्प्युटर होते, आणि आमच्याकडे लोक बघायला येत.

मुलगी त्यावर शिकली. आता ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गावच्या दूध संस्थेचा हिशेब त्याच मशिनवर करते. धाकटा सातवीत होता तेव्हापासून, म्हणजे २०२२ पासून, त्याच्या मागे लागला. मी दर वेळी म्हणायचो, "पुढच्या वर्षी."

२०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट दोन हजारांच्या घरात गेले. मी त्याला शब्द दिला. पण आमचा माल ऑगस्ट सरता सरता निघाला आणि तोवर भाव कोसळला होता. पुढे डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली. पुन्हा "पुढच्या वर्षी." तो काही बोलला नाही. कॅरेट उचलून ट्रॅक्टरमध्ये ठेवत राहिला.

२०२५ च्या मे महिन्यात त्याचा दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले. मला वाटले, आता पोराला खूश करावे. त्याला न सांगता मी तालुक्याच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "नवा कशाला घेता? हे ग्राफिक्स कार्ड टाका, तुमचाच गेमिंगचा होऊन जाईल." कार्ड वापरलेले होते, साडेपाच हजारांना. त्याचा माणूस घरी येऊन बसवून गेला.

धाकटा क्लासहून आला. कॅबिनेटमध्ये डोकावून त्याने एकच विचारले, "आप्पा, एसएमपीएस तोच ठेवला?"

मी म्हणालो, "बसवणाऱ्याला जास्त कळतं का तुला?"

चार दिवस चालले. पाचव्या दिवशी संध्याकाळी गावातल्या साऱ्या मोटारी सुरू झाल्या, दिवे मंद झाले, पुन्हा एकदम उजळले, आणि कॅबिनेटमध्ये फट् असा आवाज झाला. जळक्या वासाने खोली भरली. वीजपुरवठ्याचा डबा गेला आणि कार्डही गेले. दुकानदाराने हात वर केले, वापरलेल्या मालाला गॅरंटी नसते म्हणाला. मुलीच्या डोळ्यांत पाणी, कारण संस्थेचा दहा दिवसांचा हिशेब त्यातच होता आणि दुसऱ्या दिवशी बिले वाटायची होती. आणि मी सारा राग धाकट्यावर काढला. "तुझ्या खेळापायी झालं हे," म्हणालो. तो उठून बाहेर गेला.

रात्री आई म्हणाली, "काय रं, तू घाटात गाडं पळवत होतास ते काय होतं? ते काय ज्ञानेश्वरीचं पारायण होतं? तुझ्या बानं कधी तुला बोल लावला का? हा डबासुद्धा बैलांच्याच पैशाचा हाय."

मला उत्तर सुचले नाही. मग मुलीने एक वही आणून माझ्यापुढे ठेवली. धाकट्याची वही. त्यात त्याने मार्च महिन्यात लिहून ठेवले होते: कार्ड किती वॅट खाते, आपला डबा किती देऊ शकतो, कोणता भाग कोणत्या भागाला चालतो, कशाची काय किंमत. एका पानावर लिहिले होते, "जुन्याला कार्ड – १२० वॅट. एसएमपीएसवर कंपनीचे नाव नाही. चालणार नाही. आप्पांना सांगायचे." बहुधा त्याने सांगितलेही असेल. माझेच लक्ष नसेल.

तरी महिना गेला. बापाला पोराची माफी मागायला किती जड जाते, ते तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी एका दुपारी तो चाळीत कांदा निवडत बसला होता, तिथे जाऊन बसलो. म्हणालो, "चुकलं माझं. वही वाचली." तो कांदा निवडतच राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "कोणतं पान?"

मग आम्ही दोघांनी मिळून ती वही पहिल्यापासून वाचली. त्यातून जे मला कळले, ते तुमच्यासाठी मांडतो. पैसे काढण्याआधी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : यंत्र कशासाठी हवे? हिशेब, पत्रे, अर्ज भरणे, अभ्यासाचे व्हिडिओ हे एक काम. खेळ हे दुसरे काम. पहिल्याला म्हैस पुरते, दुसऱ्याला शर्यतीचा बैल लागतो. आम्ही एकाच यंत्राकडून दोन्ही मागत होतो, आणि तिथेच घोळ झाला.

दुसरा प्रश्न : अडते कुठे? विहिरीला पाणी आहे, मोटार पाच हॉर्सपॉवरची आहे, पण पाइप दीड इंची असेल, तर दहाची मोटार बसवून वाफ्यात पाणी वाढणार नाही. कॉम्प्युटरचेही तसेच असते. जुन्या मशिनमध्ये बहुतेक वेळा अडते ते हार्ड डिस्कपाशी. तिच्यात तबकडी फिरते आणि एक काटा जागोजागी जाऊन माहिती उचलतो, त्यात वेळ जातो. हे घरीच तपासता येते. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. मशिन रखडत असताना डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसरचा दहा-वीसवर दिसला, तर समजावे की मोटार ठीक आहे, पाइप बारीक आहे. मेमरीचा आकडा नव्वदच्या वर अडकला असेल, तर मेमरी अपुरी आहे.

यावर उपाय स्वस्त आहे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारे काहीच नसते, त्यामुळे शोधाशोधीचा वेळ वाचतो. मेमरी ४ ची ८ जीबी करावी. आम्ही हेच केले. एसएसडीला १७०० रुपये, जुन्या पद्धतीच्या डीडीआर-थ्री मेमरीला ६०० आणि साध्या एसएमपीएसला ९०० असे ३२०० रुपये लागले. जुनी हार्ड डिस्क सुदैवाने शाबूत होती, त्यामुळे संस्थेचा हिशेब परत मिळाला. चहा उकळेपर्यंत लागणारे मशिन आता अर्ध्या मिनिटात उघडते. घरी फक्त कामापुरता कॉम्प्युटर हवा असेल, तर तुम्ही इथेच थांबावे. नव्यावर एक रुपयाही घालू नये.

तिसरा प्रश्न : पुढे वाट आहे का? इथे मात्र खेळाच्या बाबतीत जुन्याने दगा दिला. आमच्या बोर्डमध्ये त्याच जागेत बसणारा आय-सेव्हन जुन्या बाजारात मिळतो, पण तोही त्याच पिढीचा. मेमरी डीडीआर-थ्रीच लागणार, आणि ती नव्या बोर्डला चालत नाही. म्हणजे घातलेला पैसा पुढे कुठेच कामी येत नाही. शिवाय विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेची वाढीव मुदत मिळाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सोय लागते. आमच्याकडे दोन्ही नाही. मुलीच्या मशिनवर आम्ही लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. तिच्यात लिबरऑफिसवर हिशेब होतो, मराठीही टाइप होते. पण खेळणाऱ्याला ती सोय पुरत नाही. व्हॅलोरंट हा २०२० साली आलेला खेळ पोरांत फार चालतो, तो लिनक्सवर चालतच नाही. विंडोज ११ वरही टीपीएम आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय तो उघडत नाही.

मला हे पटले ते बैलांवरून. एकदा मी नव्या, तापट खोंडाला म्हातारा जोडीदार दिला होता. गाडा वाकडा पळाला, म्हातारा गुडघ्यावर आला आणि खोंडाच्या खांद्याला इजा झाली. दोष दोघांचाही नव्हता, जोडी लावणाऱ्याचा होता. जुन्या डब्यावर ते कार्ड चढवणे म्हणजे तोच प्रकार.

म्हणून ठरवले की जुने मुलीला, आणि खेळासाठी नवे, पण लहान आणि पुढे वाढवता येईल असे जुळवायचे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचे नेहरू प्लेस या या मालाच्या जुन्या पेठा. धाकट्याने तिथले आणि पुण्याचे भाव फोनवरून ताडून पाहिले. २०२५ च्या गणपतीत आम्ही पुण्याहून माल आणला. आमचे बिल असे :

एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर ११,००० रुपये, बोर्ड ७,६००, १६ जीबी मेमरी ४,०००, ५०० जीबी एसएसडी ३,०००, ५५० वॅटचा एसएमपीएस ३,८००, कॅबिनेट २,४००, ऑफिसातून निघालेला वापरलेला मॉनिटर २,७००. एकूण ३४,५०० रुपये.

यात ग्राफिक्स कार्ड नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. २०२१ साली आलेल्या या प्रोसेसरच्या पोटातच चित्र दाखवणारा भाग आहे. व्हॅलोरंटसारखे हलके खेळ त्यावर चांगले चालतात. जड खेळांना कार्ड लागेल, ते पुढे हातात पैसे आले की घालायचे. बोर्ड, मेमरी आणि एसएमपीएस तेव्हाही तेच राहतील. खरे सांगायचे तर या प्रोसेसरची बैठक, एएम-फोर, हीसुद्धा आता जुनी झाली. २०२२ पासून एएम-फाइव्ह आली, तिला डीडीआर-फाइव्ह मेमरी लागते. पैसे जास्त असते तर तीच घेतली असती. पण अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात.

दोन गोष्टी धाकट्याने हट्टाने केल्या आणि त्या बरोबर ठरल्या. मेमरी १६ ची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. पोटातला चित्राचा भाग मेमरीवरच जगतो, आणि दोन पट्ट्या असल्या की दोन्ही बाजूंनी ओढ मिळते. एका बैलाने ओढण्यापेक्षा जोडीने ओढलेले बरे, हे मला लगेच समजले. दुसरी गोष्ट, एसएमपीएसला पैसा घातला. मी म्हणालो होतो, "त्या डब्याला ३,८०० कशाला? खेळ तर त्यावर चालत नाही." तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी गप्प बसलो.

ज्यांना हे करायचे आहे त्यांना माझे सांगणे एवढेच. एसएमपीएस नाव असलेल्या कंपनीचा, पक्क्या बिलाचा आणि वॉरंटीचा घ्या. डब्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर भुलू नका. बिननावाच्या डब्यावर काहीही छापलेले असते. जुन्या मॉनिटरला निळ्या तोंडाची व्हीजीए पिन असेल तर नव्या बोर्डवर तशी जागा आहे का ते आधी पाहा, नाहीतर कनव्हर्टर लागेल. आणि घराचे अर्थिंग तपासा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर बहुधा अर्थिंग नाही असे समजा आणि आधी वायरमनला बोलवा. आपल्याकडे वीज कमी-जास्त होते, म्हणून यूपीएस हवाच. आम्ही तो कांद्याच्या पुढच्या पट्टीवर घेतला.

भावाचेही सांगतो. हा माल कांद्यासारखाच आहे. २०२५ च्या शेवटी शेवटी मेमरीचे भाव एकदम चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना मेमरी पुरवण्याकडे कारखाने वळले. आमची खरेदी त्याच्या थोडी आधी झाली, हे नशीब. तेव्हा आमचे बिल दर म्हणून धरू नका. कशाला किती वाटा दिला, ते त्यातून पाहा. ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीचे भाव दोन-तीन ठिकाणी विचारा.

जुळणी आम्ही घरीच केली. जेवणे आटोपल्यावर मधल्या खोलीत पाट मांडला. धाकटा स्क्रू पिळत होता, मुलगी पुस्तिका वाचून सांगत होती, मी बॅटरी धरून उभा होतो. आई पाटाशेजारी बसून होती. पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा पंखा फिरला, पण पडद्यावर काहीच नाही. माझ्या पोटात गोळा आला. तोंडावर शब्द आले होते, ते गिळले. धाकट्याने मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवल्या. खट् असा आवाज झाला, आणि पडद्यावर अक्षरे उमटली. आईने उठून मशिनला हळद-कुंकू लावले.

खेळाचे म्हणाल, तर घरात ठरलेले आहे. अभ्यास आणि धारा झाल्यावर, रात्री दहापर्यंत. तो मोडत नाही असे नाही, पण मोडला तर स्वतःच सांगतो. पूर्वी तो मोबाइल घेऊन गोठ्यामागे बसायचा आणि काय करतो ते आम्हाला कळत नसे. आता मधल्या खोलीत, सगळ्यांसमोर खेळतो. मीही कधी मागे उभा राहून पाहतो. त्याच्याकडे शेतीचाही एक खेळ आहे, फार्मिंग सिम्युलेटर नावाचा. स्वित्झर्लंडमधली जायंट्स सॉफ्टवेअर ही कंपनी २००८ पासून तो काढते. त्यात नांगरायचे, पेरायचे, कापायचे, विकायचे. मी म्हणालो, "दिवसभर करतोस ते कमी पडतं का?" तो म्हणाला, "आप्पा, यात भाव पडला तरी आपलं काही जात नाही." मी त्यावर काही बोललो नाही.

२०२४ साली आलेल्या त्या खेळाच्या नव्या आवृत्तीत भातशेती आली आणि म्हशीही आल्या. आईला हे कळल्यापासून तिला ती म्हैस पाहायची आहे. "दूध देती का रं ती?" विचारते. पण ती आवृत्ती आमच्या यंत्राला जड आहे, तिला कार्ड हवे. धाकट्याने वहीत नवे पान उघडून हिशेब मांडला आहे, आणि या खेपेला ते पान त्याने मला आधी दाखवले. एसएमपीएसला झेपेल, हेही त्यावर लिहिले आहे.

परवा आईने पुन्हा विचारले, तेव्हा तो माझ्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, "आजी, म्हैस पुढच्या वर्षी."

तेवढा शब्द मात्र यंदा मोडायचा नाही, असे मी मनाशी धरले आहे. कांदा लागवड झाली आहे. बघू, भाव काय म्हणतो.